वरातीची घोडी आणि वर्तनाचे शास्त्र

तुळशीचे लग्न लागले म्हणजे ठाणे, कल्याण आणि डोंबिवली या शहरांत विवाहांचा हंगाम सुरू होतो आणि एरवी नागरिकांच्या विस्मृतीत गेलेला घोडा हा प्राणी झगमगत्या झुली अंगावर वागवीत पुन्हा रस्त्यावर दिसू लागतो. एके काळी या परिसराचे दैनंदिन जीवन त्याच्यावाचून चालत नसे. १८५३ साली आगगाडी ठाण्यापर्यंत आली, पुढच्याच वर्षी ती कल्याणास पोहोचली, आणि तिने घोड्याची सद्दी संपविण्याऐवजी त्याला नवे काम लावून दिले. कारण गाडीतून उतरलेल्या उतारूस बिऱ्हाडापर्यंत नेऊन सोडण्यास टांग्यासारखे सोयीचे साधन दुसरे नव्हते. कल्याण स्थानकाबाहेरच्या टांग्यांची आठवण या भागातील वडीलधाऱ्यांना अजून असेल. पुढे रिक्षा आली आणि टांगा गेला, त्याबद्दल हळहळण्याचे मला काही कारण दिसत नाही, कारण टांग्याच्या घोड्याचे जिणे हेवा करण्याजोगे कधीच नव्हते. आता घोडा उरला आहे तो तलावाकाठी मुलांना फेरी मारून आणण्यापुरता, गुढीपाडव्याच्या स्वागतयात्रेत ढोलताशांच्या पुढे मिरवण्यापुरता आणि सर्वांत अधिक म्हणजे वरातीत नवरदेवास पाठीवर घेऊन ताटकळत उभे राहण्यापुरता.

या तिन्ही ठिकाणी त्याच्याकडून अपेक्षा एकच असते, ती म्हणजे त्याने बुजू नये. निसर्गाने ज्याला बुजण्यासाठीच घडविले त्या प्राण्याकडून ही अपेक्षा करावयाची, हे मुळातच मोठे धाडस आहे. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोहो बाजूंस असतात ते अशासाठी, की चरत असतानाही नाकासमोरचा आणि पाठीमागचा अरुंद टापू वगळता सभोवारचे सर्व त्याला दिसावे. कान स्वतंत्रपणे फिरतात ते अशासाठी, की शत्रूची चाहूल कोणत्या दिशेने येते ते त्याला कळावे. आणि संकट दिसताच विचार न करता पळत सुटणाऱ्यांचीच संतती लक्षावधी वर्षांच्या निवडीतून टिकून राहिली. अशा प्राण्याला आपण फटाके, प्रखर दिवे आणि माणसाच्याही छातीत धडकी भरविणारा तो यांत्रिक गोंगाट यांच्या मधोमध उभा करतो, आणि तो स्थिर राहावा म्हणून त्याच्या तोंडात लगाम व मालकाच्या हातात चाबूक देतो. चाबकाच्या या विद्येविषयी भूतदयेच्या अंगाने पुष्कळांनी लिहिले आहे, आणि ते योग्यच आहे. मला मात्र तिच्याकडे शास्त्राच्या अंगाने पाहावयाचे आहे, आणि तसे पाहू जाता ती क्रूर आहे याहीपेक्षा ती अडाणी आहे हे अधिक स्पष्ट दिसते.

प्राणी शिकतो कसा, या प्रश्नाचा पद्धतशीर छडा लावण्यास अमेरिकेतील एडवर्ड थॉर्नडाइक याने १८९८ च्या सुमारास आरंभ केला. मांजरांना खटक्याच्या पेटीत कोंडून त्याने असे पाहिले, की ज्या हालचालीने दार उघडते आणि अन्न मिळते ती हालचाल मांजर उत्तरोत्तर लवकर करू लागते, आणि निष्फळ हालचाली आपोआप गळून पडतात. या निरीक्षणावर पुढे बी. एफ. स्किनर याने वर्तनाच्या शास्त्राची इमारत उभी केली, आणि त्याचेच शिष्य केलर व मॅरियन ब्रेलंड या दांपत्याने १९४७ साली ते प्रयोगशाळेतून बाहेर काढून प्राणी शिकविण्याचा चक्क व्यवसाय थाटला. कॅरेन प्रायर या विदुषीने साठीच्या दशकात हवाई बेटांतील जलप्राणी संग्रहालयात डॉल्फिन शिकविताना हीच रीत वापरली. डॉल्फिनला लगाम घालता येत नाही आणि चाबूक दाखविला तर तो पाण्यात बुडी मारून निघून जातो. म्हणून तेथे मासा आणि शिट्टी यांवाचून गत्यंतरच नव्हते. जबरदस्तीची वाट बंद झाली की माणसाची बुद्धी कशी चालू लागते याचा हा नमुनेदार दाखला आहे. पुढे हीच रीत कुत्र्यांकडे आणि घोड्यांकडे आली.

आपल्या मानसशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत या व्यवहारास प्रबलन असे म्हणतात. प्राण्याने हवी ती कृती केल्याबरोबर त्याला हवीशी वस्तू दिली, की ती कृती दृढ होते. हे धन प्रबलन. कृती केल्याबरोबर त्याला नकोसा असलेला त्रास थांबविला, तरीही कृती दृढ होते. हे ऋण प्रबलन. आणि नको ती कृती केल्यावर त्रास दिला तर ती शिक्षा. ऋण प्रबलन आणि शिक्षा यांची गल्लत भल्याभल्यांकडून होते, म्हणून येथे किंचित रेंगाळणे अवश्य आहे. परंपरागत घोडेस्वारीचा बहुतेक भाग ऋण प्रबलनावर उभा आहे. स्वार लगामाने तोंडावर हलका दाब देतो, घोडा थांबतो, स्वार तत्क्षणी लगाम सैल सोडतो. यात घोड्याला शिकविते ते काय? दाब नव्हे, तर दाबाचे सुटणे. हे मर्म ज्याला उमगले तो स्वार बोटांच्या हालचालीने घोडा चालवितो. ज्याला उमगले नाही तो वरातभर लगाम खेचून धरतो, आणि घोडा थांबला काय वा चालला काय, तोंडातील वेदना सारखीच राहते, हे जनावराला एकदा कळून चुकले की त्या लगामाला अर्थच उरत नाही. मग तोंड निबर होते, मालक म्हणतो की घोडी अडेल आहे, आणि साध्या लगामाच्या जागी काटेरी लगाम येतो. अडेलपणाचा हा दाखला वस्तुतः शिकविणाऱ्याच्या नावे फाडावयास हवा.

घोड्याला इतक्या जोराच्या भाषेची गरज तरी आहे काय? या प्रश्नाचे उत्तर विसाव्या शतकाच्या आरंभी बर्लिन शहरात एका घोड्यानेच देऊन ठेवले आहे. विल्हेल्म फॉन ऑस्टेन नावाच्या सेवानिवृत्त शिक्षकाने आपल्या हान्स नावाच्या घोड्यास पाव आणि गाजरे चारून अंकगणित शिकविले होते. बेरीज विचारली की हान्स खुराने तितक्या टापा देई. १९०४ साली विद्वानांच्या समितीने तपासणी केली आणि यात लबाडी काही नाही असा निर्वाळा दिला. पुढे ऑस्कर फुंग्स्ट या तरुण मानसशास्त्रज्ञाने चिकाटीने शोध केला, तेव्हा असे आढळले की प्रश्न विचारणाऱ्यास उत्तर ठाऊक असेल आणि तो घोड्याच्या दृष्टीस पडत असेल, तरच हान्सचे उत्तर बरोबर येते. योग्य संख्येची टाप पडताच विचारणाऱ्याचे मस्तक नकळत अगदी लेशमात्र वर उचलले जाई, आणि तेवढी खूण हान्सला पुरेशी होती. लोकांनी यावरून निष्कर्ष काढला तो असा, की घोड्याला गणित येत नाही. मला हा निष्कर्ष फार कोता वाटतो. ज्या हालचालीचा पत्ता ती करणाऱ्या पंडितांनाही नव्हता ती हालचाल ज्याने अचूक टिपली, त्या जातीच्या प्राण्याला आपली इच्छा कळविण्यासाठी तोंडात काटे घालावे लागतात, असे म्हणण्यास माणसाला काही संकोच वाटावयास हवा होता.

हे सारे पाश्चात्त्यांचे खूळ आहे आणि आमच्या मातीतले चाबुकस्वार काही कमी नव्हते, अशी हरकत येथे हटकून घेतली जाते. चाबुकस्वार थोर होते यात शंका नाही. परंतु कौटिल्याने अर्थशास्त्रात अश्वाध्यक्षाचे प्रकरण लिहिताना घोड्याच्या शिकवणुकीचे जे प्रकार गणले आहेत, त्यांत नारोष्ट्र हा एक स्वतंत्र प्रकार केवळ खुणेच्या इशाऱ्यावर चालण्याचा आहे, हे आपण ध्यानात घ्यावे. आणि त्याच प्रकरणात घोड्याच्या आहाराचे तपशीलवार मान सांगून पागेतील माणसांच्या कसुरीसाठी दंडाचीही तरतूद केली आहे, हेही. ग्रीक सेनानी झेनोफन याने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात अश्वविद्येवर पुस्तक लिहिले, त्यात तर आजच्या शास्त्रज्ञाने लिहावे असे एक निरीक्षण आहे. घोडा एखाद्या वस्तूस बुजला असता त्याला मारू नये, असे तो सांगतो. कारण मारामुळे होणारी वेदना त्या वस्तूपासूनच आली असे घोडा समजतो आणि त्याचे भय दुणावते. बँडच्या आवाजाला दचकलेल्या घोडीला फटका मारणारा इसम तिला नेमके हेच शिकवीत असतो, की तुझा संशय खरा होता, ढोल वाजला की दुखते.

शिवकालीन पागेत दर पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद असे, ही व्यवस्था बखरकार सभासदाने नोंदविलेली आहे. चिपळूणच्या छावणीतील अधिकाऱ्यांना महाराजांनी जे पत्र धाडले, त्यात पावसाळा पुरेल अशा बेताने दाणावैरण वापरावी, नाहीतर घोडी उपाशी मरतील, अशी ताकीद आहे. या व्यवस्थेत चाबूक नव्हता असे म्हणण्याइतका मी भाबडा नाही. परंतु घोड्याकडून काम घेण्याच्या आधी त्याच्या पोटाचा आणि खुरांचा विचार करणारे राज्य येथे, कल्याणच्या दुर्गाडीच्या परिसरात, नांदून गेले आहे, तेव्हा परंपरेचा हवाला द्यावयाचा तर तो पुरता द्यावा.

परंपरेतलेच आणखी एक उदाहरण मला फार बोलके वाटते, ते आषाढीच्या वारीतील रिंगणाचे. बेळगाव जिल्ह्यातील अंकलीच्या शितोळे सरदारांचे अश्व पायी चालत आळंदीस येतात आणि तेथून माउलींच्या पालखीबरोबर पंढरीच्या वाटेस लागतात. रिंगणात जरीपटक्याचा स्वार एका अश्वावर असतो. माउलींचा अश्व मात्र स्वाराविना धावतो, म्हणजे त्याच्या पाठीवर चाबूक धरणारे कोणी नसते. भोवती टाळमृदंगांचा कल्लोळ आणि लाखोंचा समुदाय असतो, तरी तो अश्व वेडावाकडा उधळत नाही. मला यात दोन गोष्टी दिसतात. एक तर तो आवाज त्याच्यावर एका रात्रीत कोसळलेला नसतो. दिवसामागून दिवस तो त्या नादाच्या सोबतीने सावकाश चालत आलेला असतो. आणि दुसरे म्हणजे त्याच्यापुढे मोकळी वाट असते. वरातीच्या घोडीला या दोहोंपैकी एकही लाभत नाही. तिच्यावर गोंगाट अकस्मात येतो, आणि पळावयास चारही बाजूंनी जागा नसते.

तिला हे शिकविता येते काय? येते, आणि त्याची कृती अवघड नाही, फक्त सावकाश आहे. ढोल प्रथम इतक्या दूर वाजवावा की घोडीने नुसते कान टवकारावेत, पाय हलवू नयेत. आवाज सुरू झाला की तोबऱ्यात चंदी पडावी, थांबला की चंदीही थांबावी. असे काही दिवस झाले म्हणजे ढोल ऐकून ती तोबऱ्याकडे मान वळवू लागते. तेव्हा ढोल थोडा जवळ आणावा. घोडी अस्वस्थ झालेली दिसली तर चूक तिची न मानता अंतराची मानावी आणि ढोल पुन्हा मागे न्यावा. निश्चल उभे राहण्याचे शिक्षणही असेच देता येते: क्षणभर स्थिर राहिली की ठरावीक आवाजाची खूण आणि लगोलग गाजराचा तुकडा, मग हळूहळू त्या क्षणाची मुदत वाढवावी. खुणेचा आवाज अवश्य असावा, कारण कृती आणि बक्षीस यांत दोनतीन सेकंदांचे अंतर पडले तरी बक्षीस कशाचे हे जनावरास उमगत नाही. परदेशांत यासाठी खटका वाजविणारी छोटी डबी वापरतात. आपले घोडेवाले जिभेने जो टक्कारा करतात तो मात्र येथे वापरू नये, कारण तो चालण्याचा हुकूम म्हणून घोड्याच्या कानात आधीच बसलेला असतो.

या रीतीत खाचखळगे नाहीत असे नाही. खाऊ देण्यात शिस्त नसेल तर घोडा खिसे हुंगू लागतो, चावे घेऊ लागतो, आणि मग लाडाने जनावर बिघडले असा शेरा तयारच असतो. यास्तव घोड्याने तोंड बाजूस वळविले असतानाच खाऊ द्यावा, तो सपाट तळहातावर द्यावा, आणि मागितल्यावर कधीही देऊ नये. फ्रान्समधील रेन विद्यापीठातील कॅरोल सँकी आणि त्यांचे सहकारी यांनी तरुण घोड्यांना तोंडी आज्ञेवर निश्चल उभे राहण्यास शिकविले, आणि त्याचा वृत्तांत २०१० साली प्रसिद्ध केला. ज्यांना आज्ञा पाळल्यावर खाऊ मिळाला ते लवकर शिकले. चावणे, लाथा झाडणे हे प्रकार त्यांच्यापेक्षा खाऊ न मिळालेल्या घोड्यांतच अधिक दिसले. आणि कित्येक महिने लोटल्यावरही खाऊ मिळालेले घोडे माणसाजवळ आपण होऊन येत होते. त्याच गटाच्या दुसऱ्या एका अभ्यासात मान खाजविणे हे बक्षीस म्हणून खाऊइतके उपयोगी ठरले नाही, असेही दिसले. प्रेमाने थोपटले म्हणजे घोड्याला सगळे पावले असे मानणाऱ्या आम्हा भावुकांना हा थोडा धक्काच आहे.

येथे कोणी म्हणेल, की आमच्या वरातीतली घोडी तर अगदी गरीब असते, कितीही गलका झाला तरी हलत नाही. या गरीबपणाची मला सर्वांत अधिक धास्ती वाटते. मार्टिन सेलिग्मन आणि स्टीव्हन मायर यांनी १९६७ साली कुत्र्यांवर केलेल्या प्रयोगांत असे आढळले, की ज्यांना आधी टाळता न येणारे विजेचे धक्के सोसावे लागले होते, त्यांतील बहुसंख्य कुत्री पुढे सुटकेची वाट मोकळी असतानाही जागची हलली नाहीत. आपल्या कोणत्याही कृतीने काहीही बदलत नाही हे ज्याला पुरते पटले, तो प्राणी बाहेरून आज्ञाधारक दिसतो. शिकलेली घोडी आणि खचलेली घोडी दुरून सारख्याच दिसतात. जवळ जाऊन पाहावे, तर पहिलीचे कान फिरत असतात आणि दुसरीचे डोळे उघडे असून कशावर लागलेले नसतात. या दुसऱ्या घोडीची हमीही कोणी देऊ नये, कारण दडपलेले भय नाहीसे झालेले नसते आणि पाठीवर नवरदेवाच्या पुढ्यात बहुधा एखादे पोरही बसविलेले असते.

आता या साऱ्याचा दोष घोडेवाल्याच्या पदरी टाकून मोकळे होणे सोपे आहे, आणि आपण सुशिक्षित माणसे बहुधा तेच करतो. परंतु वर्तनाचे शास्त्र घोड्याला लागू आहे तसे ते घोडेवाल्यालाही लागू आहे. घोडी अडली, त्याने फटका मारला, घोडी पुढे सरकली, यजमान खूश झाले, भाडे हातावर पडले: यात बक्षीस कोणत्या कृतीस मिळाले ते पाहावे. चाबकाचा लाभ तत्क्षणी पदरात पडतो. त्याचे नुकसान, म्हणजे बिथरलेले जनावर, एखादा अपघात, अकाली निकामी झालेले पाय, महिन्यांनी वा वर्षांनी येते. थॉर्नडाइकच्या मांजराने जे केले असते तेच हा गृहस्थ करतो. आणि त्याच्या पेटीचे दार उघडणारे आपण आहोत. हंगाम थोडा, तबेल्याचा खर्च बारमाही, आणि भाड्याची घासाघीस करणारा यजमान दारी उभा. अशा स्थितीत आठवडेच्या आठवडे ढोल दूर ठेवून चंदी चारीत बसण्याची ऐपत त्याने कोठून आणावी?

ज्या ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ ही संस्था स्थापन केली, आणि जेथे मुलाला मारून शिकविता येत नाही हे ऐकण्यास पालक सभागृहे भरून जमतात, त्या ठाण्यातील सुजाण कुटुंबे आपल्या मुलाच्या वरातीत चाबकाखालची घोडी निर्धास्तपणे भाड्याने आणतात, यात मला दुष्टपणा दिसत नाही. त्या भाड्याच्या रकमेत आपण काय विकत घेतो आहोत हे कोणी त्यांना विचारलेलेच नसते, इतकेच.

कायद्याची स्थिती अशी आहे, की १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक अधिनियमान्वये पहिल्या अपराधास दहा ते पन्नास रुपये दंड आहे. नोटांची एक माळ नवरदेवाच्या गळ्यात त्याहून मोलाची असते. १९६५ च्या नियमांनी काटेरी लगामास मनाई केली. ओझ्याच्या आणि गाडीच्या जनावरास दिवसाकाठी नऊ तासांहून अधिक आणि सलग पाच तासांहून अधिक राबवू नये, पारा ३७ अंशांच्या वर असता दुपारी बारा ते तीन या वेळात मुळीच राबवू नये, असेही सांगितले. नियम उत्तम आहेत, आणि दप्तरात सुरक्षित आहेत. मुंबईत उच्च न्यायालयाने २०१५ साली व्हिक्टोरिया गाड्या बेकायदा ठरवून त्या बंद करण्याचा हुकूम दिला, तसाच सरसकट बंदीचा उपाय येथेही सुचविणारे आहेत. नाचऱ्या घोडीपुरता मी त्यांच्या बाजूचा आहे. खाऊ देऊन शिकविले तरी डांबरी रस्त्यावर दोन पायांवर उभे करणे हे त्या सांध्यांवर अत्याचारच आहे, आणि शिकविण्याची रीत सौम्य आहे म्हणून मागणी सुसंस्कृत ठरत नाही. पण माथेरानसारख्या ठिकाणी, जे १८५० साली ठाण्याचेच कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी उजेडात आणले आणि जेथे मोटारींना मज्जाव असल्याने आजही शेकडो घोडी प्रवाशांची ने-आण करतात, बंदीने घोडेही सुटणार नाहीत आणि माणसेही. तेथे शिक्षणच हवे, आणि ते देण्याची योग्यता १८८६ पासून चालत आलेल्या मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयाजवळ निश्चितच आहे. पावसाळ्यात प्रवासी रोडावतात आणि चातुर्मासात वरातीही नसतात. तेवढ्या मुदतीत ठाणे आणि कल्याण-डोंबिवली महापालिकांनी त्या महाविद्यालयाच्या साह्याने घोडेवाल्यांचे वर्ग भरवावेत, उपस्थितीबद्दल त्यांना चंदीचा खर्च द्यावा, आणि जो आपली घोडी ढोलाजवळ सैल लगामावर उभी करून दाखवील त्यास दाखला द्यावा. मिरवणुकीत घोडा नेण्यास परवाना मागणाऱ्याकडून हा दाखला मागावा.

यजमानांनी करावयाची गोष्ट याहूनही लहान आहे. भाडे ठरवितानाच कबूल करून टाकावे, की घोडी बुजू लागली तर घोडेवाल्याने तिला कोणत्याही क्षणी बाहेर काढून न्यावे आणि ठरलेल्या रकमेतून एक पैसाही कापला जाणार नाही. नवरदेव उरलेली वाट पायी चालेल. मंडप बहुधा दोनचारशे पावलांवरच असतो.